मॉनिटरचा काठ

अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये अजीज मुकादमचे पाय दुपारीच भरून आले होते. रत्नागिरीच्या खाडीवरचा हा सुतार कित्येक वर्षं दुबईत प्रदर्शनांची मॉडेल्स बनवत होता. आज त्याला एवढंच हवं होतं, की जहाज पास व्हावं आणि सहाच्या आत शारजा विमानतळ गाठता यावा. बायको, जहांआरा, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती, तीही एकटी. "तू बाहेर येशील तेव्हा मी दारातच असेन," असं त्याने तिला शपथेवर सांगितलं होतं.

जहाज होतं अमेरिकेतल्या यादवी युद्धातलं. 'मॉनिटर' नावाचं, लोखंडी.

मालक राजन साठे फाइल घेऊन आला, वाकला नि तसाच थांबला.

"अजीजभाई, बेसिकली... हा काठ एवढा उंच कसा?"

"जरा उचलला, शेठ."

"जरा? ड्रॉइंगमध्ये डेक पाण्याला टेकलाय!"

"तेच ना. चुकून काढलंय कोणीतरी. लाट आत येईल."

अजीजच्या घराण्यात कागद बघून होडी कोणी बांधलीच नव्हती. काठ नजरेने घ्यायचा, लाट मनात धरायची, हात म्हणेल तिथे थांबायचं. इथेही हाताने तेच केलं होतं, त्याला न विचारता.

राजन शाळामास्तराच्या सुरात फाइल वाचू लागला. "उत्तरेचं जहाज. मुद्दाम बुटकं, शत्रूला नेम धरता येऊ नये म्हणून. वर फक्त तोफांचा फिरता बुरूज. दक्षिणेच्या लोखंडी जहाजाशी तासन्‌तास झुंजलं, गोळे आपटून परत उडायचे. जिंकलं कुणीच नाही."

"मग पुढे?"

"पुढे... त्याच वर्षअखेरीस वादळात बुडलं."

"बघा! मी काय सांगत होतो?"

"हबीबी, बुडून दीडशे वर्षं झाली, तुम्ही आता वाचवायला बसलायत? उतरवा तो काठ. प्रदर्शनवाल्या साजिदा मॅडम पाचला बघायला येतायत."

"हेल्परला द्या ना, शेठ, अक्रमला. माझी बायको..."

"अक्रम बुरूजही कापून ठेवेल. यल्ला, चला, तुम्हीच करा."

अजीजने छिन्नी उचलली. चिकटलेली एकेक पट्टी सुटताना त्याला धडधाकट माणसाला पाण्यात ढकलल्यासारखं वाटत होतं. मग घासणं, मग पुन्हा राखाडी रंग. साजिदा मॅडम उशिरा आल्या, "सो क्यूट!" म्हणाल्या, फोटो काढला. खलास. जहाज पास.

शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. तो पोहोचला तेव्हा विमान कधीच उतरलं होतं. जहांआरा दाराशी बॅगेवर बसली होती, डोळे लाल.

"दारात असणार होतात ना?"

तिने त्याचे कोपरापर्यंत राखाडी हात पाहिले, चपलेतले सुजलेले पाय पाहिले.

"कसलं काम होतं एवढं?"

"एक बुडालेलं जहाज होतं."

"बुडालंच होतं, तर थांबलं नसतं?"

ती बॅगेवरच जरा सरकली. "बसा. प्रवास केला मी नि दमलात तुम्ही."

अजीज बसला. बराच वेळ दोघांपैकी कोणीही टॅक्सीचं नाव काढलं नाही.