मुद्देमालात अडकलेले पाणी

ती घटना आजही मनातून जात नाही. तेव्हा मी धुळे जिल्ह्यातल्या एका आडवळणाच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एके दिवशी टपालाने निनावी अर्ज आला. परदेशी देणगीदारांनी आमच्या भागातल्या पाच गावांसाठी पाणी शुद्ध करायची पाच यंत्रे मंजूर केली होती; ती बसवणाऱ्या संस्थेने प्रत्यक्षात एकच आणले, असा आरोप होता. सोबत संस्थेच्या अहवालातले पाच फोटो. निनावी अर्ज बहुधा भावकीच्या भांडणातून येतात, म्हणून मी तो दोन दिवस बाजूला ठेवला. मग स्टेशन डायरीला नोंद करून पहिल्या गावी गेलो.

तिथले पाणी इतके खारे की डाळ शिजत नाही. यंत्रासाठी बांधलेल्या खोलीत नुसत्या भिंती होत्या. शेजारची साठीतली अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आठ दिन वरन मस्त शिजनं, भाऊ," ती म्हणाली. "पाव्हना ग्यात आनि मशीन बी गाडीवर टाकीसन लई ग्यात. त्या पानीनी गोडी आजून तोंडमा शे."

तांब्या घेताना दिसले, तिच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. कडबाकुट्टीत गेली होती. आमच्याकडे नवी वस्तू आली की तिच्यावर हळदीचा हात उमटवतात; इथे तो मान अक्काला मिळाला होता. जीपमध्ये बसून मी फोटो पुन्हा काढले. पाच गावे, पाच यंत्रे, आणि पाचही यंत्रांवर करंगळी नसलेला तोच पिवळा हात.

संस्थेच्या अध्यक्षांना ठाण्यात बोलावले. गृहस्थ गुळगुळीत. "यंत्रं एकाच कंपनीची, साहेब. एकसारखीच दिसणार."

"यंत्रं एकसारखी, हे मान्य," मी म्हणालो. "पण करंगळ्यासुद्धा एकसारख्याच तुटल्या का?"

त्यांनी वकिलाला फोन लावला. संस्थेच्या पिकअपचा ड्रायव्हर मात्र पहिल्याच चहाला बोलता झाला. पाहणीला आलेल्या देणगीदारांच्या पाहुण्यांआधी पुढच्या गावी यंत्र पोहोचवणे हे त्याचे काम. अध्यक्षांनी ते धुऊन न्यायला सांगितले होते.

"मग धुतलं का नाहीस?"

"हयदना हात शे, साहेब. देवनं काम. कसं पुसू मी?"

पंचनामा केला, यंत्र जप्त केले, लाखेचे सील लावून मुद्देमाल खोलीत ठेवले. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मीही मिशीला पीळ दिला, खोटे कशाला बोलू?

दर बाजारच्या दिवशी अक्का ठाण्यात यायची. खिडकीच्या गजांतून यंत्राकडे पाहत उभी राहायची.

"चोर त सापडी ग्यात, भाऊ. आते पानी कव्हय येई?"

"कोर्टाने सोडलं की, अक्का."

कागदावर यंत्राची मालक तीच संस्था होती, आणि आरोपी जामिनावर घरी पोहोचले होते. देणगीदारांनी हा प्रकार ऐकून आमच्या भागाची मदतच बंद केली. ग्रामपंचायतीकडून ठराव घेऊन, यंत्र खटला संपेपर्यंत सुपूर्दनाम्यावर गावाला वापरायला मिळावे म्हणून कोर्टात अर्ज करवून घेता आला असता. मिळाले असते की नाही, देव जाणे. पण मी प्रयत्नच केला नाही. उद्या बघू, परवा बघू करता करता जळगावला बदली झाली.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम त्या गावी गेलो. अक्का गेली होती. सुनेने ओळखले, पाणी दिले. तेच खारे पाणी.

"सासू शेवटपावत इचारे," ती म्हणाली, "मशीन सुटनं का?"

चोर पकडला की आपले काम संपले, असे मी नोकरीभर मानत आलो. चोरी कुणाच्या घोटातून झाली, तो घोट परत मिळाला का, हे विचारायचे राहूनच गेले. फार वाटते, बाजारचा तो एक दिवस परत मिळावा, अक्का खिडकीशी उभी असावी आणि मी टेबलावरून उठून कोर्टातल्या त्या अर्जाच्या मागे लागावे.

सुनेपुढे मी पेला रिकामा केला. तिने विचारले, "आजून देऊ, बाबा?" मी हो म्हणालो.