बाणाचा ण

ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी दुकानात स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठिबकच्या नळ्यांची बंडलं सारत होते. "यंदा दोन नाटकं. एक स्पर्धेसाठी, एक यात्रांसाठी. रविवारी सकाळी दहाला वाचन व निवड. इच्छुकांनी वेळेवर यावे." त्याखाली भराभर अंगठे आणि जोडलेले हात. मग सचिवांचा मला एकटीला वेगळा निरोप आला: "वहिनी, यात्रेच्या नाटकातली सासू तुम्हीच. वाचनाला नाही आलात तरी चालेल."

न मागता भूमिका मिळाली म्हटल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी स्टुलावरून उतरले आणि पाणी प्यायले. मला ती सासू नको होती. मला स्पर्धेच्या नाटकातली मुख्याध्यापिका हवी होती, आणि हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

आमची संस्था नगरमधली, हौशी लोकांची. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी माझ्यासारखं दुकानदार. मी तिथे बरीच वर्षं विनोदी बायका करते. भाजीवाली, दाई, भांडखोर शेजारीण, सासू. रंगमंचावर येऊन नुसतं "आलं का माझं येडं?" म्हटलं की हशा. मला ते आवडायचं. नंतर ते आवडेनासं झालं, त्याला कारण घडलं.

गेल्या साली नेवाशाकडच्या एका गावात यात्रेत प्रयोग होता. त्यात माझ्या विनोदी बाईला एकच गंभीर वाक्य होतं. मुलगा मोटारसायकलवर गेलाय, रस्त्यात अपघात झाल्याची बातमी आलीय, आणि ती दारात उभी राहून म्हणते, "माझं लेकरू अजून घरी आलं न्हाई वं." मी ते मनापासून म्हटलं.  आणि समोर हजार माणूस खो खो हसलं. एकाने शिट्टी मारली. प्रयोग संपल्यावर तिथले सरपंच म्हणाले, "वहिनी, लई हसवलंत!" मी "आभारी आहे" म्हटलं आणि टेम्पोत जाऊन बसले.

तेव्हाच ठरवलं की एकदा तरी असं काम करायचं, की ज्यात मी तोंड उघडल्यावर कुणी हसणार नाही. एकदाच. नंतर करतेच सासवा.

ग्रुपवर आधीच आलेल्या संहितेतली ही मुख्याध्यापिका तशी होती. निवृत्त बाई. मुलगा तिला न विचारता तिच्या राहण्याची सोय दुसरीकडे लावतो. ती सगळं बसून ऐकून घेते आणि शेवटी बोलते. अडचण एवढीच होती की ती मुख्याध्यापिका होती आणि मला ण येत नव्हता.

माझं माहेर शेवगावच्या पुढचं. तिकडे पाण्याला पानी म्हणतात, कोण नाही, कोन. शाळेत बाणाचा ण शिकवला होता, पण तो शाळेतच ठेवून घरी यायचं असा आम्हा सगळ्यांचा समज. लग्न होऊन नगरला आले आणि दुकानात बसले. गिऱ्हाईकही पारनेर-नेवासा-शेवगावकडचं, माझ्यासारखंच बोलणारं. ण नसल्याने काही अडलं नाही. लिहिताना बरोबर लिहिते, हिशेब चोख ठेवते, बोलताना मात्र न.

मुलगी सुट्टीला घरी आली होती. तिला गाठलं. ती भाजी चिरत होती, मी समोर उभी राहून मुख्याध्यापिकेची वाक्यं वाचत होते.

"आई, 'आणि'. 'आनि' नाही."

"मी तेच म्हणाले."

"तू 'आनि' म्हणालीस."

"तुझे कान बघून घे एकदा."

तिने मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. 'आनि' होतं, स्पष्ट. 

मग मी मागेच लागले. जीभ टाळूकडे वळवायची, असं ती म्हणाली होती. मी चपात्या लाटताना, स्कूटीवरून जाताना, दुकानाचं शटर उघडताना जीभ वळवत होते. पाणी, कोण, आणि, म्हणून, कारण, राणी. दोन-चार दिवसांत तो आला. पण आला तो जाईना. जेवण बरोबर, सण बरोबर, आणि पाठोपाठ 'जीवण'. 'घरातूण'. 'मणात'.

"आई, सगळीकडे नाही लावायचा तो!"

"मग कुठे लावायचा हे कसं कळायचं?"

तिने सुरी हातात धरून जरा विचार केला. "ते कळतंच गं."

"तुला कळतं. मला कळत नाही म्हणून तर विचारतेय."

दुकानात तर फजितीच. पाथर्डीकडचा एक शेतकरी व्हॉल्व्ह घ्यायला आला. मी विचारलं, "पाण्याचा दाब किती आहे? विहिरीवरूण आहे की बोअरवरूण?"

त्याने माझ्याकडे, मग आतल्या बाजूला पाहिलं. "वहिनी, आज लई शुद्द बोलायलात. कोनी साहेब येनार हाय का दुकानात?"

नवरा गल्ल्यावरून म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक घाबरवू नको. भाव वाढवलेत असं वाटतं त्याला." शेतकरी गेल्यावर परत म्हणाला, "बरं चाललंय ते सोडून हे काय खूळ? लोक तुलाच बघायला येतात."

"हसायला येतात."

"मग तेच की."

ह्या माणसाला समजावून सांगायची माझी इच्छा नव्हती. तो माझ्या प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत बसतो आणि सगळ्यांच्या आधी हसतो. त्याचं हसू ऐकून बाकीचे सुरू होतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

रविवारी मी दहाच्या आधी शाळेच्या हॉलवर पोचले. दहा म्हणजे साडेदहा हे मला माहीत होतं, तरी पोचले. दार उघडायला कुणी नव्हतं. पायरीवर बसून मुख्याध्यापिकेची तीन पानं पुन्हा वाचली. प्रत्येक न खाली पेन्सिलने रेघ मारलेली होती, प्रत्येक ण ला गोल केलेला. पान बघून डोकं फिरावं असं ते झालं होतं. तळहाताला इतका घाम, की पेन्सिल पुसली जायला लागली.

मग कॉलेजातल्या मॅडम आल्या. मराठीच्याच प्राध्यापिका. गरम पाण्याची बाटली, गळ्याला स्कार्फ. बाई तशा चांगल्या आहेत.

"अरे वा, तुम्हीपण? सासूसाठी ना?"

"नाही. मुख्याध्यापिकेसाठी."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि बाटलीतून घोटभर प्यायल्या. तो 'अच्छा' माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

आमचे दिग्दर्शक बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी आधी मॅडमना वाचायला लावलं. सुरेख वाचलं त्यांनी. न जिथे हवा तिथे न, ण जिथे हवा तिथे ण, कुठे अडखळणं नाही. मी ऐकताना नाटकाकडे लक्षच दिलं नाही, फक्त ण मोजत बसले.

मग माझं नाव आलं. मी कागद टेबलावर ठेवला आणि वाकून वाचायला सुरुवात केली. पहिलं पान बरं गेलं. 'आणि' आला, बरोबर आला. 'कारण' आलं, बरोबर आलं. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या पानावर मुख्याध्यापिका मुलाला म्हणते: "सगळ्यांनी सगळं ठरवलं. माझ्या मनात काय आहे ते कुणी विचारलं नाही." मी म्हणाले, "माझ्या मणात काय आहे..."

मागच्या बाकावर आमचे प्रकाशयोजना करणारे बसले होते. हे दिवसा मार्केट यार्डात आडतीवर असतात, कांद्याच्या वजनाशी त्यांचा रोजचा संबंध.

"किती मण, वहिनी?"

हॉल फुटला. मॅडम स्कार्फने तोंड झाकून हसल्या. सर हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली ती हसू लपवायलाच.  यात्रेतला तो हशा आणि हा हशा, फरक काही नव्हता.

"वाचा पुढे," सर म्हणाले.

मी पुढचं सगळं अशा वेगाने वाचलं, की जणू एसटी निघाली होती आणि मी मागून पळत होते. शेवटच्या वाक्याला दम संपला. बसले.

चहा आला. आमच्याकडे चहा झाल्यावर सर भूमिका सांगतात, अशी पद्धत आहे. मी कप हातात धरून बसले होते आणि उठून जावं का ह्याचा विचार करत होते. दुकानाचं काहीतरी कारण सांगता आलं असतं. पण मग सासूच ठरली असती, म्हणून बसून राहिले.

सर मॅडमना म्हणाले, "तुमचं वाचन चांगलंच झालं. तालीम रोज संध्याकाळी सहाला. जमेल?"

मॅडमनी मोबाईलमध्ये पाहिलं. "सहाला कठीण आहे, सर. परीक्षांचं काम सुरू होतंय. आठनंतर धरा ना."

"आठला हॉल बंद होतो."

"मग रविवारी जास्त वेळ घेऊ."

सरांनी पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ताई, तुम्हाला सहा?"

"पावणेसहाला दुकानातून निघते."

"रोज?"

"रोज."

"बरं. मग तुम्ही करा. पण ते मनाचं बघा."

मागून कुणीतरी पुन्हा खिदळलं. सचिव म्हणाले, "अहो, मग सासू कोण?" मी म्हटलं, "दुसरी बघा." हे मी जरा मोठ्याने बोलले असावे, कारण पुढे कुणी काही विचारलं नाही.

भूमिका मला वाचनावर मिळाली की वेळापत्रकावर, हे मी सरांना विचारलेलं नाही. उत्तर काय येईल ते माहीत असताना विचारू नये. पण त्यामुळे तालमीत जीव कधी निवांत झाला नाही. सर ण चुकला की बोट वर करायचे. पहिल्या आठवड्यात त्यांचं बोट खालीच येत नव्हतं. मॅडम एकदोनदा बघायला आल्या, कोपऱ्यात बसल्या, माझं तोंड कोरडं पडलं. हळूहळू बोट कमी वर जायला लागलं. 'मन' मात्र मी प्रत्येक वेळी आधी आतल्या आत म्हणून मगच बाहेर काढत होते.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी घरच्या मंडळींसमोर सगळं नाटक सलग करायचं ठरलं. कपडे, दिवे, सगळं. पन्नासेक खुर्च्या भरल्या. नवरा पहिल्या रांगेत, मधोमध. मी निघताना त्याला बजावलं होतं, "आज हसायचं नाही." तो म्हणाला होता, "मी कशाला हसतोय?"

पडदा उघडला. मी खुर्चीत बसलेली, चष्मा लावलेला, फिकट साडी. मुलाचं काम करणारा बोलत होता. माझं पहिलं वाक्य बऱ्याच वेळाने येतं. ते आलं. मी मान वर केली आणि म्हटलं, "बोलून झालं तुझं?"

नवरा हसला. खदाखदा, नेहमीसारखा. त्याच्यामागे दोन रांगा सुरू झाल्या. दिव्यांपाशी आडतवालेही हसले.

 पुढच्या शनिवारी परीक्षकांसमोर हेच होणार, हे मला लख्ख दिसलं. वाचनाच्या दिवशीसारखं पुढचं भराभर बोलून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलं आणि मिटलं. पळत सुटायचं नाही एवढंच ठरवलं. मी चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि नवऱ्याकडे बघत राहिले. शाळेत बाई एखाद्या मुलाकडे बघतात तशी. काही बोलले नाही, हसलेही नाही. त्याचं हसू आधी अर्ध्यावर आलं, मग गेलं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. मागच्या रांगा थांबल्या. एक बाई लुगड्याचा पदर तोंडाशी धरून तशीच थांबली. हॉलमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते. तेव्हा मी पुढचं वाक्य बोलले.

त्यानंतर शेवटपर्यंत कुणी हसलं नाही. मनाचं वाक्य कसं गेलं हे मला आठवत नाही.

पडदा पडल्यावर नवरा विंगेत आला. "मी हसलो नव्हतो, मला ठसका लागला होता."

"बरं," मी म्हटलं.

सर आले. "ताई, सुरुवातीला थांबलात ते फार चांगलं होतं. ते ठेवा."

"अहो सर, ते ह्यांच्यामुळे थांबले. शनिवारी लोक हसले नाहीत तर?"

"तरी थांबा."

"आणि हसले तर?"

सरांनी चष्मा पुसला. "तर जास्त थांबा," ते म्हणाले आणि दिवे बंद करायला सांगून निघून गेले.