बटाट्याला तीट

सातवा महिना लागला तरी मला पोटातल्या बाळाबद्दल काही म्हणजे काही वाटत नव्हतं. जळजळ होत होती, भर मीटिंगमध्ये झोप येत होती, बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये रडूही येत होतं, पण माया? तिचा पत्ता नव्हता. आपण आई व्हायला नालायक आहोत की काय, ही भीती मात्र मनात घर करून बसली होती.

म्हणून सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गरोदर बायकांसाठी चित्रकलेचा वर्ग निघाला, तेव्हा मी लगेच नाव घातलं. क्लबहाउसमध्ये आम्ही पाचसहा जणी पोटं सांभाळत गोल करून बसलो. "आँखें बंद, स्वल्प शांत. बेबी जैसा दिखे, वैसा ड्रॉ करो," शिकवणाऱ्या कानडी बाई आपल्या हिंदीत म्हणाल्या. शेजारणीला डोळे मिटल्या मिटल्या कमळात झोपलेलं बाळ दिसलं. मला दिसला बटाटा. मी तोच काढला. त्यावर डोळे काढून पाहिले, तर तो जास्तच बटाटा दिसायला लागला. बाईंनी "नाइस टेक्स्चर" म्हणत वेळ मारून नेली.

घरी येऊन मी चित्र फ्रिजवर लावलं आणि आल्यागेल्याला "हा आमचा बटाटा" म्हणून दाखवत सुटले. रडण्यापेक्षा हसलेलं बरं.

माझे डोहाळे पुरवायला नागपूरहून आलेल्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आतून काजळाची डबी आणली आणि बटाट्याच्या गालावर नीट तीट लावली.

"आई, याला कोणाची दृष्ट लागणार आहे?"

"तुझीच. दिवसभर नावं ठेवून राहिली ना तू त्याला!"

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. फ्रिज उघडता उघडता त्याचं लक्ष चित्राकडे गेलं. "काय बटाटेराव, आज तीटबीट!"

विनोद माझाच होता, तरी माझं डोकं सणकलं. "खबरदार माझ्या बाळाला बटाटा म्हणालास तर!"

कोथिंबीर निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. मीही थबकले. 'माझं बाळ' हे शब्द आजवर माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते. डोळे भरून आले, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"अगं, पण तूच तर म्हणतेस," नवरा बिचारा पुटपुटला.

"मी म्हणेन," मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "मी आई आहे त्याची."