उन्हात ठेवलेली बाटली

आमच्या घरी कार्याला माणसं जमली की वहिनीची गोष्ट निघते. नवऱ्याची विलायती दारू तिने लोणच्याच्या बरण्यांबरोबर उन्हात ठेवली, म्हणून सगळे हसतात. ती गोष्ट खोटी आहे. बाटली मी ठेवली होती.

थोरला भाऊ बोटीवर बटलर होता. दारूबंदीच्या पहिल्या वर्षांत तो रजेवर आला, तेव्हा पोर्तुगालच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून देवगडला उतरला. एक त्याच दुपारी माजघरात फोडली. मी नुकताच शाळामास्तर झालो होतो. घोट घेतला. आधी पिकलं जांभूळ, मग करवंद, आणि शेवटी कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा. जीभ टाळ्याला चिकटली.

"कशी लागता, मास्तरानू?"

"घसो आवळता."

"आवळतलोच. ती हिची हाडां. हाडां घट आसत म्हणान टिकतली. वर मास चडाक धा वर्षां व्हयी, मगे बघ कशी मऊ जाता ती. मी कायमचो घराक येयन, तेव्हा दुसरी फोडुया."

दुसरी बाटली आम्ही भाताच्या कणगीत आडवी पुरली. "हिका ऊन दाखव नको," एवढं मला बजावून तो गेला.

चार वर्षांनी वैशाखात मी ती सहज काढून पाहिली. तळाशी गाळ बसला होता. कोकमाच्या आगळात, म्हणजे खारवलेल्या रसात, असा गाळ दिसला की आमच्याकडे बरणीला ऊन दाखवतात, नाहीतर बुरशी धरते. भावाने उन्हाला मना केलं ते पोलिसांच्या भीतीने, असं मी धरून चाललो. वहिनी अंगणात बरण्या मांडून मळ्यात गेली की मी त्यांच्या मधोमध बाटली उभी करायचो आणि ती परतायच्या आत उचलायचो. ती घाबरेल म्हणून सांगितलं नाही. तीन दिवस ऊन दिलं. भावाची ठेव राखली, याचा मला अभिमान वाटला होता.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षी भाऊ छातीचं दुखणं घेऊन कायमचा घरी आला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. उशीला टेकून त्याने बूच काढलं आणि घोट तोंडात फिरवला.

"शिजली ही. आंबाट झाली. कोणी ऊन दाखवल्यान हिका?"

"दुसरा कोण?" आई म्हणाली. "बरण्ये उन्हात घालता ती तुझी बायल."

वहिनी दारात उभी होती. "माका ठावकच नाय हो, कणगीत काय व्हता ता!"

मीही घोट घेतला. जांभूळ नव्हतं, करवंद नव्हतं. नुसती आंबट धार घशाखाली गेली. बोलायला तोंड उघडलं तेव्हा भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तरी सांभाळतलंस असा वाटला व्हता." मी मान खाली घातली.

त्यानंतर तो दीड महिना जगला. तेवढ्या दिवसांत त्याने वहिनीच्या हातचं पाणी घेतलं नाही. पाणी मी द्यायचो.

पुढच्या वैशाखात तिने बरण्या काढल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "भावजीनू, तुमीच घाला उन्हात. माका आठवणा नाय, पण माझ्याच हातान झाला असतला ता."

मी बरण्या उचलल्या आणि अंगणात नेऊन मांडल्या. ती वारेपर्यंत दर वर्षी मीच मांडत राहिलो.