दाराआडचं इंग्रजी

माझ्या भावाची नातवंडं मुद्दाम मला इंग्रजीत काहीतरी विचारतात आणि मी उत्तर दिलं की फिदीफिदी हसतात. आत्याआजी बोलत नाही, परीक्षा देते, असं म्हणतात मेली. हसू देत. व्याकरण अजून पक्कं आहे माझं. एक चूक काढून दाखवा म्हणावं. पण हे इंग्रजी मी कशासाठी शिकले आणि त्याचं पुढं काय झालं, ते या पोरांना कुणी सांगितलेलं नाही.

माझं माहेर वळसंगचं. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मराठी चौथी झालेली आणि बोलण्यात सगळं हाय-न्हाय. सासूबाईंनी पहिल्या महिन्यात ते खरवडून काढलं. ‘आहे’ म्हण, ‘नाही’ म्हण, आपण काय रानात राहतो का, असं त्यांचं दिवसभर चालायचं. नवरा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. मग मुंबईला सरकारी नोकरी लागली. दिवाळीला यायचे, आठवडाभर राहायचे, जायचे. सासूसासऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची रीत नव्हती, आणि दोन खोल्यांच्या घरात सासूसासरे नाहीत अशी जागा तरी कुठली! इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो, तेवढं पदराच्या गाठीत बांधता आलं असतं.

एकदा त्यांचं पत्र आलं, अर्थात मामंजींना. मामंजींनी ते सासूबाईंना वाचून दाखवलं आणि मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तिकडं साहेबलोकांत ऊठबस असते, त्यांच्या बायका घरी येतात. त्यांच्याशी चार शब्द नीट बोलता आल्याशिवाय हिला इकडं आणून उपयोग नाही, असं लिहिलं होतं. मी भाकरी थापत होते. ‘उपयोग नाही’ ऐकलं आणि परातीतली भाकरी मधोमध चिरली. तशीच तव्यावर टाकली. काय करणार?

मामंजींनी मात्र ठासून सांगितलं की मी शिकवतो. आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते नुकतेच पेन्शनीत निघाले होते. त्यांच्या हातची पोरं कोर्टात, कचेरीत, रेल्वेत चिकटलेली. वाक्यात चूक झाली की पोरगं बाकावर उभं, मग ते वकिलाचं असो की मामलेदाराचं. मला वाटलं, देव पावला. घरातच मास्तर, फी नाही, बाहेर जाणं नाही, आणि मास्तर असा की साऱ्या गावात दुसरा नाही.

आता आमच्या घरची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुनेनं सासऱ्यासमोर उगाच यायचं नाही. आलीच तर दोन्ही खांद्यांवरून पदर आणि मान खाली. विचारलं तर उत्तर द्यायचं, आपण होऊन शब्द काढायचा नाही. आणि सासऱ्याला प्रश्न विचारायचा? छे! आणखी भात वाढू का, हेसुद्धा मी सासूबाईंना विचारायची आणि सासूबाई त्यांना विचारायच्या. तिघं एकाच खोलीत असलो तरी.

तर दुपारी गिरणीचा भोंगा झाला की शिकवणी सुरू. मामंजी माजघरात खुर्चीवर. मी स्वयंपाकघरात, दाराच्या फळीआड. उंबऱ्यावर सासूबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. पाटी इकडून तिकडं त्यांच्याच हातून जायची. मामंजी इंग्रजीत विचारायचे, मी फळीआडून उत्तर द्यायची. तू सकाळी केव्हा उठतेस? मी सकाळी पाचला उठते. आज कोणता वार आहे? आज बुधवार आहे. उत्तर पुरतं पाहिजे, नुसतं ‘पाचला’ चालायचं नाही. चुकलं की ते रागवायचे नाहीत, नुसते गप्प व्हायचे. मग मी पहिल्यापासून सगळं वाक्य म्हणायचं, बरोबर येईपर्यंत. कधीकधी भात करपायचा आणि सासूबाई सुपावर हात आपटायच्या, पण शिकवणी मोडू द्यायच्या नाहीत. सून मुंबईला जावी असं त्यांनाही मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पलीकडच्या खोलीत तेलुगू विणकर बाई राहायची. तिचा माग दिवसभर खडखडत असायचा, आणि मधली भिंत कसली, नुसतं कुडाचं निमित्त. मराठी बोलायची तर बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाई करून टाकायची, पण भाजीवालीशी भांडण असो नाहीतर नळावरची थट्टा, तिचं कधी अडलं नाही. एकदा नळावर मला म्हणाली, “तुजा मामा इचारतो, तू सांगतो. तू कदी इचारतो?” मला हसू आलं. म्हटलं, अगं बाई, वडीलधाऱ्यांना कुणी प्रश्न विचारतं का? तिनं खांदे उडवले आणि घागर उचलली. मी पण माझी घागर उचलली.

वर्षं गेली. माझी वाक्यं अशी झाली की मामंजींना गप्प बसायची वेळच येईना. त्यांनी मुलाला कळवलं की तयारी पुरी आहे, केव्हाही परीक्षा घे. आणि तसा योगही आला. ह्यांच्या साहेबांचा दौरा सोलापूरला निघाला, सोबत मडम येणार होती. साहेब तलावाचं काम बघायला जाणार, तेवढ्या वेळात मडमेला चहाला घरी आणतो, असा निरोप आला. पुढचं काही लिहिलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना कळत होतं. मडम खूश होऊन गेली तर मी मुंबईला जाणार, नाहीतर इथंच.

खुर्च्या उसन्या आणल्या, कपबशा उसन्या आणल्या. सासूबाईंनी बेसनाचे लाडू केले, चिवडा केला. त्यांनी मामंजींना सुचवलंही, तुम्ही तेवढा वेळ सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसा, पोरीला मोकळं वाटेल. खरी शहाणी ती बाई! मामंजी ऐकतात थोडेच. म्हणाले, माझी विद्यार्थिनी आहे, मी ऐकणार. कोट चढवला, पगडी घातली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. एखाद्या बापासारखा आनंद झाला होता त्यांना. पण ते खोलीत होते म्हणजे मी सून होते, आणि सुनेची मान खाली गेली ती गेलीच.

मडम वयस्कर होती, चांगली होती. हळूहळू बोलायची. तिनं विचारलं, तुम्ही इथं किती वर्षं राहता? मी पुरतं उत्तर दिलं. तुमचं माहेर कुठं आहे? दिलं. लाडू तुम्ही स्वतः केले का? होय, हे लाडू मी स्वतः केले आहेत, असं वाक्य तयारच होतं, ते तोंडातून गेलं. सासूबाई बिचाऱ्या दाराआडून कौतुकानं बघत होत्या. ह्यांचा चेहरा खुलत चाललेला मला खालच्या नजरेनंही दिसत होता. मामंजी प्रत्येक उत्तराला मान हलवत होते. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलं.

मग मडम आपलं सांगायला लागली. तिची मुलगी विलायतेत शाळेत होती. लहानपणीच तिकडं धाडली, आता दोन वर्षांत दृष्टीस पडली नाही. पत्रं येतात, म्हणाली, पण पत्रातून उंची किती वाढली ते कळत नाही. एवढं बोलून तिनं बशीतला लाडू उगाच फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

मला सगळं कळलं हो. शब्दन् शब्द कळला. आमच्या वळसंगला अशी बाई ओसरीवर येऊन बसली असती तर मी तिचा हात धरला असता. पोरीचं नाव काय, कुणावर गेली, जेवते का नीट, तुमच्याविना झोपते कशी, दहा गोष्टी विचारल्या असत्या. पण तिनं मला काही विचारलंच नव्हतं. उत्तर द्यायला प्रश्नच नव्हता! आणि आपण होऊन विचारायचं, तेही मामंजींच्या पुढ्यात, हे माझ्या अंगातच नव्हतं. मी मान खाली घालून पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. पलीकडचा माग तेवढा खडखडत होता.

मडमेनं बशी खाली ठेवली. मग ह्यांच्याकडं वळून सोलापूरच्या उन्हाबद्दल काहीतरी बोलली. माझ्या कपातल्या चहावर साय धरली. उठताना मडम माझे आभार मानून गेली, आणि मी बरोबर शब्दांत त्याचंही उत्तर दिलं.

तिला पोचवून हे परत आले. बूट न काढताच दारात उभे राहिले आणि मामंजींना म्हणाले, “बाबा, हिला उत्तरं येतात. बोलता येत नाही.” मामंजींनी पगडी काढून मांडीवर ठेवली. त्या माणसानं आयुष्यात कुणाचं बोलणं ऐकून घेतलं नव्हतं, ते तेव्हा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला. सासूबाईंनी ह्यांच्या हातावर दही घातलं. मी दाराशी शिदोरीचा डबा धरून उभी होते. मराठीत काही बोलले असते तर सासूबाईंनी ऐकलं असतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. डबा देताना मी मान वर केली आणि विचारलं, “व्हेन विल यू टेक मी?” जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी इंग्रजीत प्रश्न विचारला. हे क्षणभर चमकले. मग डबा घेतला.

“बघू,” म्हणाले. मराठीत.

टांगा गेला. सासूबाईंनी मला विचारलं, काय गं, काय म्हणालीस त्याला? मी म्हटलं, जपून जा म्हणाले. वळून बघते तर माजघराच्या दारात मामंजी उभे. त्यांना तर कळलं होतंच सगळं.

दुपारी भोंगा झाला. आज शिकवणी कसली, असं धरून मी भांडी घासायला बसले होते, तर माजघरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई सूप घेऊन उंबऱ्यावर बसल्या. मी हात पुसून फळीआड उभी राहिले. बराच वेळ झाला तरी मामंजी काही विचारेनात. मला वाटलं, माझी काही चूक झाली, पहिल्यापासून म्हणायचं असेल. पण म्हणायचं काय?

मग ते मराठीत म्हणाले, “सूनबाई, आज तू विचार.”

सासूबाईंचा सुपातला हात थांबला. मामंजी खुर्चीत वाट बघत बसले. मी फळीला टेकून पुष्कळ आठवून बघितलं. मला विचारायचा होता तो एकच प्रश्न, आणि तो सकाळी विचारून झाला होता.