यमुनाची घरच्या वाक्यांची वही

‘आई गेली,’ असं यमुनाच्या लेकीनं, मंदानं, फोनवर सांगितलं आणि मी तिच्यावरच डाफरले, ‘काहीतरीच काय, परवा तर बोललेय मी तिच्याशी.’ याला तीन आठवडे झाले. अजूनही सकाळी मला तसंच वाटतं...

यमुना सुरगाण्याकडची. नाशिकला मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायची. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, जवळच राहणारी. सहा वर्षांपूर्वी ती दारात येऊन म्हणाली, ‘बाई, मला इंग्रजी शिकवा. बोलाया नको, आयकाया.’ तिचा नवरा दवाखान्यात असताना डॉक्टर खाटेपाशी इंग्रजीत बोलत आणि ही नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राही. ‘माझ्याच माणसाचं बोलत व्हते, अन् मलाच कळत नव्हतं. तसं परत नाय होऊ द्यायचं.’ मी पाठ्यपुस्तक काढलं, ते तिनं बाजूला सारलं. तिला रोजच्या बोलण्यातलं हवं होतं. गिव्ह अप, रन आउट, कम राउंड... दिवसाला असा एक वाक्प्रचार. ती ते देवनागरीतच लिहायची आणि वाक्य मात्र घरचंच पाहिजे, हा तिचा हट्ट. पुस्तकातल्या जॉनला मी काय करू, म्हणायची. ‘पुल थ्रू’ म्हणजे दुखण्यातून तरून जाणं, हे शिकवलं, तेव्हा तिनं आजारातून उठलेल्या शेळीवर लिहिलं, ‘माय गोट पुल्ड थ्रू.’ मी पोट धरून हसले होते.

साध्या तापाचं निमित्त झालं. मी दवाखान्यात गेले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, ‘शी मे नॉट पुल थ्रू.’ आणि मी, तिची शिक्षिका, तिला कळू नये म्हणून इंग्रजीत बोलले, ‘प्लीज, डोन्ट टेल हर.’ डॉक्टर गेले. डोळे न उघडताच ती म्हणाली, ‘कळलं बाई. लय चांगलं शिकवलंत.’ त्या क्षणाचा मला अजून राग येतो, माझाच. ती मात्र मंदाला वही आणायला सांगत होती.

ती वही मंदानं गेल्या आठवड्यात मला आणून दिली. कडांना कणीक वाळलेली. आठवडाभर उघडायचा धीर झाला नाही. काल उघडली. शेळीच्या वाक्याखाली, थरथरत्या अक्षरात, तिनं एक नवं वाक्य लिहिलंय.

‘बाई विल पुल थ्रू.’