मृणालिनीचं एरोबिक्स

मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळात मृणालिनी खांबेटे झोपेसाठी प्रसिद्ध होती. गणपतीच्या आरतीत झांजा हातात धरून उभ्याउभ्या डुलकी घेणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. हळदीकुंकवाला हातावर अत्तर लावून घ्यायला तिनं हात पुढे केला, की तो तसाच पुढे राहायचा. बाई तोवर झोपलेली असायची.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी ती घरी सापडायची नाही. कुठे जातेस विचारलं तर म्हणायची, एरोबिक्सला. त्या काळी सगळी अमेरिका टीव्हीसमोर पाय झाडत होती, त्यामुळे आधी कुणाला काही वाटलं नाही. पण हिवाळ्यामागून हिवाळे गेले आणि बाईंचा घेर होता तिथेच राहिला, तेव्हा मंडळातल्या बायका विचारात पडल्या. शिकवणारा मास्तर दिसायला कसा असेल, इथपर्यंत चर्चा पोचली. चर्चेच्या अध्यक्षस्थानी अर्थातच आमची सुलभा. मृणालिनीचा नवरा राजीव हा तिचा मामेभाऊ, तेव्हा काळजी करण्याचा पहिला हक्क माझ्या बायकोचाच.

जानेवारीतल्या एका रविवारी मृणालिनी आमच्याकडे आली. बूट दारात काढले, कोटासकट सोफ्यावर बसली आणि मी चहा करेपर्यंत सुलभाला सगळं सांगून मोकळी झाली. मी स्वयंपाकघरातच होतो. आधण उकळून आटलं तरी हललो नाही.

झालं होतं असं. मंडळातल्या बायका कुणी बीएस्सी, कुणी एमए. राजीवनं अमेरिकेत आल्याआल्या कुठल्याशा पार्टीत ठोकून दिलं होतं, की आमची हीसुद्धा बीए आहे. प्रत्यक्षात ती मॅट्रिक. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न लागलेलं. नवऱ्याची थाप खरी करायला ही बाई दिवसभर विमा कंपनीत क्लेम टाइप करायची, संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकायची आणि घरी जाऊन कणीक मळायची. आता तिथलं शिक्षण संपलं होतं. पुढची डिग्री घ्यायला युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर हवी होती आणि ती एका जागी अडकली होती.

कॉलेजनं शाळेचा दाखला कधी मागितलाच नव्हता. युनिव्हर्सिटीनं मागितला. अकोल्याच्या शाळेच्या दाखल्यावर नाव होतं कांता गोविंद बोरगावकर. इकडच्या सगळ्या कागदांवर मृणालिनी खांबेटे. आडनाव बदलतं हे गोऱ्या लोकांना समजतं, पण लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलून टाकतात हे त्यांच्या डोक्यात शिरेना. नवऱ्याची साक्ष चालत नव्हती. लग्नाला हजर असलेल्या, घराबाहेरच्या माणसानं शुक्रवारपर्यंत येऊन शपथेवर सांगायचं, नाहीतर वर्ष गेलं. अख्ख्या मिनेसोटात असं माणूस एकच. नेमकं जिच्यापासून लपवायला एरोबिक्स काढलं, तेच.

“वन्सं, याल का?” तिनं विचारलं.

सुलभा खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, “म्हणजे एरोबिक्स नाहीच?”

“नाही.”

“आणि तो मास्तर?”

“सत्तरीचा आहे. टायवर सूप सांडलेलं असतं.”

सुलभाचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांची मेहनत वाया गेली बिचारीची.

“हे वर्ष गेलं तर मी सोडून देईन,” मृणालिनी म्हणाली. “रागानं नाही, वन्सं. दमले म्हणून.”

शुक्रवारी मी दोघींना गाडीतून घेऊन गेलो. सुलभा पैठणी नेसली होती आणि खाली बर्फाचे बूट. कोर्टात साक्ष द्यायला निघाल्यासारखा आव. ऑफिसातल्या बाईनं विचारलं, नाव बदललं म्हणजे नक्की काय झालं? सुलभानं उजवा हात वर करून सांगितलं, की ताटात तांदूळ पसरले, राजीवनं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, आणि शेजारी बसून ते मी वाचलं. बाई म्हणाली, त्याची एखादी प्रत मिळेल का?

“तांदूळ होते,” सुलभा म्हणाली. “दुसऱ्या दिवशी शिजवले आणि आम्ही जेवलो.”

बाई तिच्याकडे बघत राहिली. इतकी विचित्र गोष्ट कुणी रचून सांगणार नाही, असं तिला वाटलं असावं. तिनं शिक्का मारला. मग मृणालिनीला विचारलं, आमच्याकडे कुठलं नाव लावायचं?

“कांता,” ती म्हणाली. आणि आम्ही दोघं बघतोय हे पाहून मराठीत पुढे, “लिहायला सोपं आहे. रोज किती ठिकाणी लिहावं लागतं.”

वर्षभराचे विषय मात्र युनिव्हर्सिटीनं धरले नाहीत. ते पुन्हा करायचे होते. नोकरी सांभाळून अजून तीन वर्षं. हे ऐकून ती नुसती मान हलवून उठली. गाडीत कुणी अभिनंदन वगैरे केलं नाही. हायवेला लागायच्या आत ती मागच्या सीटवर झोपली, तोंड उघडं टाकून. सुलभानं वळून आपली शाल तिच्या अंगावर टाकली आणि मला रेडिओ बंद करायला सांगितलं. आमच्या लग्नानंतर घरापर्यंत न बोलता आलेली तिची ती पहिलीच फेरी.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सगळ्या जमल्या होत्या. पद्मिनीकाकूंनी नेम धरून विचारलं, मृणालिनी नाही का आली? अजून एरोबिक्सच चालू?

मी दारात तिळाचा लाडू हातात धरून थिजलो. अख्ख्या राज्यातली सर्वांत रसाळ बातमी माझ्या बायकोच्या जिभेवर होती.

“चालू आहे ना,” सुलभा म्हणाली. “आता मोठ्या ठिकाणी घेतलंय तिला. तिथे सगळ्यांना नाही घेत.”

“मग बारीक कधी होणार?”

“तीन वर्षं लागतील,” सुलभा म्हणाली, आणि तिनं पद्मिनीकाकूंपुढे तिळगुळाचं ताट सरकवलं.